‘बरंय’ हे मत न्हाय

सईला पार्सल आलं की घरात आधी कात्रीची शोधाशोध होते. कात्री कधीच जागेवर नसते. मग किल्लीनं, भाजीच्या सुरीनं, वेळ पडली तर दातांनी खोकं फोडलं जातं आणि हॉलभर तो कागदाचा भुसा सांडतो. परवा तसंच झालं. मी केरसुणी घेऊन तणतणत आले, तर सोफ्याखाली एक पुडी पडलेली. बोटभर लांब, चकचकीत, एका कोपऱ्याला फाडायची खूण. मागं बारीक अक्षरांत लिहिलेलं : हाताचं क्रीम, नमुना, विक्रीसाठी नाही.

मी ती नाकाशी नेली. बंद पुडीला कसला डोंबलाचा वास येणार! पण मला आला. शिकेकाई, जुनी पुस्तकं, आणि तापलेल्या शहाबादी फरशीवर मारलेलं पाणी. केरसुणी हातात तशीच धरून मी खाली बसले.

सई माझी मुलगी. घरूनच नोकरी करते, आणि उरलेल्या वेळात फोनसमोर बसून आपण वाचलेल्या पुस्तकांविषयी आणि फुकट आलेल्या नमुन्यांविषयी मतं सांगते. लोक बघतात म्हणे. तिला कुणी क्रीम पाठवतं, कुणी चहा, कुणी कादंबरी. आणि सगळ्यांविषयी तिचं मत एकच, ‘कमाल!’ क्रीम कमाल, कादंबरी कमाल, तो नाचणीचा चिवडा तर विचारूच नका.

“अगं बाई, एखादं तरी टुकार निघू दे की,” मी म्हणाले.

“आई, ते फुकट पाठवतात गं. त्याला नावं कशी ठेवायची?”

हेच वाक्य मी लहानपणी ऐकलं होतं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका ओसरीवर, एका बाईच्या नव्हे, ओळीनं बसलेल्या साताठ बायकांच्या तोंडून. त्यावरचं उत्तरही मला पाठ होतं. पण ते मी सईला लगेच दिलं नाही. त्या आठवड्यात माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं.

झालं होतं असं. आई अजून आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात राहते. बाबा गेले, मी लग्न होऊन जुळे सोलापुरात आले, धाकटा भाऊ बाळू पुण्याला गेला, आई तिथंच. रोज संध्याकाळी भाजी घेऊन मी तिच्याकडं जाते. कधी मेथी निवडते, कधी नुसतीच बसते. दिवाळीनंतर आई न्हाणीत घसरली. हाड जुळलं, काठी घेऊन हिंडायलाही लागली. पण तेव्हापासून तिनं एकच शब्द धरून ठेवलाय. खिचडी कशी झालीय? बरंय. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी कशी आहे? बरंय. बाळू म्हणाला, आई, आता हे घर विकू, तू कायमची माझ्याकडं चल. आई म्हणाली, बरंय.

“तायडे, आई तयार आहे,” बाळूचा फोन.

“ती ‘बरंय’ म्हणाली, बाळू. ‘हो’ नाही म्हणाली.”

“तेच की!”

“तेच नव्हे.”

“मग तू विचार आणि सांग. रविवारी गाडी घेऊन येतोय मी.”

मी कपाळावर हात मारला. ज्या बाईची सगळी हयात त्या घरात गेली, ती आपण होऊन कशाला जाईल? पोरांना त्रास नको म्हणून म्हणत असेल झालं. मी ठरवूनच टाकलं होतं की आईला जायचं नाहीये. फक्त तिच्या तोंडून ते वदवून घ्यायचं होतं. आणि गाडी यायला जेमतेम आठवडा होता.

तर ती पुडी.

लहानपणी आमच्या दारातून समोरच्या शांतक्काचं, आमच्या अक्काचं, दार दिसायचं. मधे रस्ता एवढाच, की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं थांबावं. शांतक्का दुधनीची. माहेरी कानडी, बाजारात मराठी, आणि राग आला की दोन्हींची भेळ. तिला मूलबाळ नव्हतं. अण्णा, म्हणजे तिचे यजमान, साबण-तेलाच्या एजन्सीत फिरतीवर होते. आज अक्कलकोट, उद्या करमाळा, परवा बार्शी. दोघं समोरासमोर बसली की अक्का बोलायची आणि अण्णा मान हलवायचे. ओसरीला लागून असलेल्या खोलीत अक्कानं वाचनालय थाटलं होतं. वाचनालय म्हणजे काय, भिंतीला लावलेल्या फळ्या, त्यांवर खाकी कव्हरं घातलेली पुस्तकं, आणि दारात एक पाट. पाटावर अक्का.

गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की अक्का ओसरीवर बादलीभर पाणी मारायची. फरशी चर्रर्र करायची आणि मातीचा न् दगडाचा मिळून असा काही वास उठायचा, की आम्ही पोरं जिथं असू तिथून धावत यायचो. पलीकडच्या आळीतून मागांची खटखट यायची. कुणाच्या तरी घरात शेंगा कुटत असायच्या. खालचं ओलं, वरचं तापलेलं, मधे आम्ही. मग एकेक बाई पदर सावरत यायची, बगलेत पुस्तक.

अण्णांच्या फिरतीच्या पिशवीत नमुने असत. दुकानदारांना वाटून उरलेले. उन्हाळ्यात सरबताची पूड, पावसाळ्यात डोकेदुखीचं मलम, थंडीत अंगाला लावायची कसली कसली तेलं, आणि मग तो नवलाईचा शाम्पू. एजन्सीच्या साहेबानं अण्णांना सांगितलं होतं, नुसतं वाटू नका, बायकांना विचारून या माल कसा वाटला ते. आता अण्णा पडले लाजाळू. परक्या बाईला ‘तुमचे केस कसे झाले हो’ म्हणून कोण विचारणार! ते अक्काला म्हणाले, तूच विचार. अक्कानं काय करावं? प्रत्येक पुस्तकात एकेक पुडी खुणेसारखी घालून दिली आणि नियम काढला. पुस्तक परत आणताना दोन मतं द्यायची, एक पुस्तकाचं, एक पुडीचं. मत दिल्याशिवाय पुढचं पुस्तक नाही.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. कुणालाही विचारा, उत्तर एकच, बरंय. शाम्पू? बरंय. कादंबरी? बरंय. पलीकडच्या विणकराची बायको, तिच्या शेजारची शिंपीणबाई, आमच्या मागची जाधवांची थोरली, सगळ्या एकाच माळेचे मणी.

“अवो अक्का, फुकट दिलेल्याला नावं कशी ठेवायची?” जाधवांची थोरली म्हणाली. “धर्माची गाय न् दात का गं नाय, असं हुईल की.” बाकीच्यांनी ओळीनं तेच म्हटलं.

अक्का पाटावरून उठलीच. “फुकट दिलं म्हनून काय तोंड शिवून घ्यायचं व्हय? आन् बरंय म्हंजे काय? ताप उतरलेल्या मानसाला इचारलं तर त्यो म्हनतो बरंय. ‘बरंय’ हे मत न्हाय. एक चांगलं सांगायचं, एक वाईट सांगायचं. दोनीबी सांगायचं. न्हायतर पुस्तक ब्याड!”

ब्याड म्हणजे कानडीत नको. आणि मत पसंत पडलं की तिचं ‘छलो!’ हे दोन शब्द आमच्या बोळात तेव्हापासून जे रुळले, ते आमच्या भांडणांतसुद्धा यायला लागले.

माझी आई मात्र त्या ओसरीवर नव्हती. आई करमाळ्याची. लग्न होऊन आमच्या घरात आली ती मान खाली घालून, आणि नंतर ती मान वर करायची वेळच कुणी आणली नाही. आमचे बाबा वाईट नव्हते हो. आजीही काही जाच करणारी नव्हती. फक्त आईला काही विचारायचं असतं हे कुणाला सुचतच नसे. साड्या बाबा आणत, एकाच दुकानातून, बहुतेक तपकिरी. भाजी आजी ठरवायची. खोल्यांना रंग काकांच्या पसंतीनं लागायचा. माजघराची रस्त्याकडची खिडकी धूळ येते म्हणून कायमची खिळे ठोकून बंद केली होती, तिच्या शेजारीच आईची चूल. तिला गोड आवडतं की तिखट, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आपली आई शेवटी जेवते आणि उरेल ते जेवते, एवढंच मी पाहिलेलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, बरंय.

पण वाचायची. रात्रीची भांडी आटोपली की चुलीच्या उजेडात, पाठ भिंतीला टेकवून. पुस्तकं आणायला-द्यायला मला पाठवायची. नियम निघाल्यावर मी पहिल्यांदा पुस्तक परत घेऊन गेले तर अक्कानं हातच लावला नाही.

“मत?”

“आई म्हणाली, बरंय.”

“मी निरोपानं मत घेत न्हाय. आईला पाटव. तिच्या तोंडानं आईकनार मी.”

मी घरी येऊन सांगितलं. आई कावरीबावरी झाली. आजीकडं बघितलं, ओट्याकडं बघितलं. पुस्तक तसंच फडताळात पडून राहिलं. दिवस गेले. आई काही वाचत नव्हती, आणि वाचत नव्हती म्हणून रात्री नुसती भिंतीला टेकून बसायची. मला तिची दया यायची आणि अक्काचा राग. शेवटी एका दुपारी आजीचा डोळा लागलाय हे बघून आईनं पदर खोचला, चप्पल न घालताच बोळ ओलांडला. उन्हानं रस्ता नुसता पेटला होता. चार ढांगांचा तो रस्ता, पण माझी आई कुठं तरी निघालीय आणि बरोबर पिशवी नाही, डबा नाही, पोर नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी मागनं पळत गेले.

बायकांनी सरकून जागा केली. अक्का म्हणाली, “ये कुसुम. बस. शाम्पू लावलास?”

आईनं मान हलवली.

“कसा हाय?”

“बरंय.”

“ब्याड.”

आई उठायला लागली. अक्कानं तिचा हात धरून खाली बसवलं. “घाई कुटं हाय? सावली हाय, पानी हाय. इचार कर की निवांत.”

खरंच बसून राहिली आई. बाकीच्यांची मतं झाली. कुणी म्हणालं फेस लई, कुणी म्हणालं केस राठ होतात. अण्णा आत दाराआड उभे राहून ऐकत होते आणि विसरू नये म्हणून प्रत्येक मत पुटपुटत होते. उन्हं ओसरीवरून खाली उतरली. आणि मग आई, कुणीच तिच्याकडं बघत नसताना, हळूच म्हणाली, “केस मऊ होतात, हे चांगलंय. पण वास माझा वाटत नाही. डोक्यावर दुसरीच कुणी बाई बसल्यासारखी वाटते.”

अक्कानं अशी टाळी वाजवली की आतून अण्णा बाहेर आले. “छलो! छलो! ह्याला म्हनायचं मत. अवो, सायबाला हे आसंच सांगा, एक शबूद इकडचा तिकडं करू नका.” आणि तिनं फळीवरून एक जाडजूड कादंबरी काढून, आत मलमाची डबी अडकवून, आईच्या हातात दिली. आईचे कान लाल झाले होते. घरी येताना ती मला म्हणाली, “हसतील का गं मला?” मी म्हणाले, “टाळी वाजवली की.” ती चुलीपाशी जाऊन बसली तरी तिचं हसू जात नव्हतं.

मग किती उन्हाळे, किती गड्ड्याच्या जत्रा त्या ओसरीवरून गेल्या, मला नीट सांगता येणार नाही. वास मात्र सगळे सांगता येतील. पुस्तकात सांडलेल्या चहाच्या पुडीचा वास. दंतमंजनामुळं गुलाबी झालेलं एक पान, ते वाचताना लवंग चावल्यासारखी वाटायची. एकदा तेलाची पुडी आत फुटली आणि एका प्रेमकथेची मधली सगळी पानं पारदर्शक झाली. नायक बोलतोय त्याच्यामागून नायिकेचं रडणं दिसायचं. बायका ते पुस्तक हट्टानं मागून न्यायच्या. संक्रांतीच्या सुमारास हुरड्याची पोती बोळात यायची, तेव्हा अक्का नियमाला सुट्टी द्यायची आणि नुसता हुरडा, शेंगाचटणी न् गप्पा. माझ्या जिभेवर ती चटणी अजून आहे. कितीही कुटा, तशी होत नाही.

आणि आईची मतं! एका कादंबरीत शेवटी नवऱ्याला सोडून गेलेली बाई परत येते. सगळ्या बायकांच्या डोळ्यांना पदर. आई म्हणाली, “भाषा गोड आहे. पण शेवट मला नाही पटला. पानं संपत आली म्हणून लेखकाला घाई झाली. तिला कुठं घाई होती?” अक्कानं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. म्हणाली, “कुसुम, तू हुतीस कुटं गं इतकी वर्सं?” समोरच तर होती. चार ढांगांवर.

हळूहळू ती मतं बोळ ओलांडून घरी यायला लागली. आधी आमटीत, चिंच कमी हवी. मग साडीत. बाबा तपकिरी साडी घेऊन आले तर आई म्हणाली, “पोत चांगलंय. रंग बदलून आणाल का?” बाबा दारात तसेच उभे. मग मुकाट्यानं जाऊन मोरपंखी घेऊन आले, आणि स्वतःच चार जणांना सांगत सुटले, की आमच्या हिला रंगातलं कळतं. बाबांवर मला त्या दिवशी फार माया आली.

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं तेव्हा एक स्थळ आलं. घर मोठं, मुलगा देखणा, सगळे खूश. काकांनी तर पेढे आणायला माणूस पिटाळला. पाहुणे गेले, कपबशा तशाच होत्या, आणि बाबा सवयीनं म्हणाले, “काय, बरंय ना?”

आई कपबशा गोळा करत होती. ती थांबली. “एक चांगलं सांगते, एक वाईट सांगते. मुलगा दिसायला छान आहे. पण पोरीशी एकेक शब्द बोलताना तो आपल्या आईच्या तोंडाकडं बघत होता. त्या घरात आपली पोर ‘बरंय’ म्हणायला शिकेल. मला नाही पटत.”

पुढं काय काय झालं ते सांगत बसत नाही. पेढे आले ते आम्हीच खाल्ले. मी आज जी काही फटकळ बाई झालेय, ती त्या संध्याकाळची.

मग कधी तरी अण्णांची फिरती थांबली. मग अण्णाच थांबले. अक्काला भाऊ येऊन दुधनीला घेऊन गेला. जाताना तिनं पुस्तकं बायकांत वाटून टाकली आणि प्रत्येकीला बजावलं, मत मनात ठिवू नका, सडतंय. दोन वर्षांनी तिच्या जाण्याची बातमी आली. तिच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात, दारात रंगीत दिवे लुकलुकतात, पाटाच्या जागी लोखंडी स्टूल आहे. गिरणीचा भोंगा तर कधीचाच बंद पडला. आई वाचायची, पण सांगायला समोर कुणी नव्हतं. आम्ही आपापल्या संसारात. मग वाचणंही कमी झालं. आणि आता दिवाळीनंतर, पुन्हा ते, बरंय.

पुडी मुठीत धरून मी उठले. “सई, तुला आलेल्यातलं एखादं पुस्तक दे. मोठ्या टायपातलं. आणि मोठाली अक्षरं नसतील तर तुझं कमाल तुलाच लखलाभ.”

सोमवारी संध्याकाळी मी आणि सई आईकडं गेलो. बाळूनं पाठवलेली रिकामी खोकी दाराशी रचून ठेवलेली. ती मी पायानं बाजूला सारली. आईच्या हातात मी पुस्तक दिलं. तिनं ते उघडलं, मधल्या पानावर पुडी. तिनं पुडीवरून अंगठा फिरवला. मागचं बारीक वाचायचा प्रयत्न केला. मग पुस्तक उशाशी ठेवलं, ते मी बघितलं.

आठवडाभर मी जीव मुठीत धरून होते. रोज संध्याकाळी गेले की पुस्तकातली खूण पुढं सरकलेली असायची. मी विचारत नव्हते. भाजी निवडत बसायचे, उठता उठता जिन्याच्या कठड्याला, फडताळाच्या कडीला, माजघराच्या त्या गुळगुळीत चौकटीला हात लावायचे. किती दिवस हे हाताला लागणार आहे, असं मनात यायचं आणि डोळे भरायचे. आई पलंगावरून बघत असायची.

शनिवारी दुपारी मी दारापुढं बादलीभर पाणी मारलं. अक्काच्या फरशीसारखं चर्रर्र झालं नाही, इथं टाइल्स बसवल्यात. तरी मारलं. आईला खुर्चीवर आणून बसवलं. सई फोन काढायला लागली, मी तिला डोळ्यांनी दटावलं.

“हं. क्रीम लावलंस?”

“लावलं.”

“कसं आहे?”

“बरंय,” आई म्हणाली.

मी कमरेवर हात ठेवला. अक्काचा आवाज काढायला गेले, तो आपोआपच आला. “बरंय म्हंजे काय? ताप उतरला काय तुजा? ब्याड!”

आई आधी दचकली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. किती महिन्यांनी! सईनं तिला पाणी दिलं. पाणी पिऊन, पदरानं तोंड टिपून, आई ताठ बसली.

“क्रीमचा वास चांगलाय. मोगऱ्यासारखा. पण हात धुतला की जातो. जायचंच होतं तर आलास कशाला, असं वाटतं.”

सईचं तोंड उघडंच राहिलं. “आजी, थांब थांब, हे मला वापरू दे.”

“आणि पुस्तक?” मी विचारलं.

“लेखिका पोरगीच आहे, लिहिते चांगलं. दुःख सांगताना मात्र मधेमधे स्वतःच रडते. आम्हाला रडायला जागाच ठेवत नाही.”

“छलो!” मी टाळी वाजवली. आता विचारायचंच. “आणि हे घर सोडून पुण्याला जायचं? त्याचं काय मत? एक चांगलं, एक वाईट. खरं सांग, आई. तुला जायचं नसेल तर मी बाळूशी भांडते, सगळ्या जगाशी भांडते. पण बरंय म्हणू नकोस.”

आईनं बोळाकडं बघितलं. समोरच्या दुकानात रंगीत दिवे लुकलुकत होते.

“ह्या घराचं एक चांगलं सांगते,” ती म्हणाली. “समोर अक्काचं दार होतं.”

“आणि वाईट?”

“बाकीचं सगळं.”

“सगळं?” मी विचारलं.

“मला जायचंय गं,” आई म्हणाली. “बाळू म्हणाला, तुझ्या खोलीला उगवतीची खिडकी आहे. ह्या घरात एक खिडकी मी सांगितली म्हणून उघडली नाही कुणी. ही चूल, हे माजघर, तुम्हा पोरांना ह्याचा लळा आहे. तुम्ही इथं खेळलात. मी इथं नुसती उभी होते. समोर अक्का होती तोवर निभलं. आता समोर बघायला काय आहे? कव्हरं?”

“मग हे सांगितलं का नाहीस आधी?”

“तू रोज येतेस. भिंतींना हात लावतेस, चौकटीला हात लावतेस. तुझ्यासमोर कसं म्हणू की मला ह्यातलं काही नको? तुला वाईट वाटलं असतं. म्हणून आपलं बरंय.”

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. हात काढून घेतला. आईच्या मताच्या आड बाळू नव्हता, बाबा नव्हते, आजी नव्हती. मी होते.

“बाळूला सांग,” आई म्हणाली, “पडदे आणून ठेवू नकोस म्हणावं. रंग मी बघेन.” आणि मग माझ्याकडं वळून, “आता तुझं मत सांग.”

“बरंय,” मी म्हणाले.

आईनं काठी टाइल्सवर आपटली. “ब्याड!”

आम्ही तिघी हसलो आणि हसता हसता मला रडूच फुटलं. मी तिच्या पायाशी ओल्या फरशीवर बसले. “चांगलं एवढंच, की तू तुझ्या तोंडानं सांगितलंस.”

“आणि वाईट?”

“वाईट म्हणजे... संध्याकाळी भाजी घेऊन मी आता कुणाकडं येऊ?”

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला मोगऱ्याचा वास येत होता. “हां,” ती म्हणाली. “ह्याला म्हणायचं मत.”

मग तिनं मांडीवरचं पुस्तक उचललं. पुडीत थोडं क्रीम उरलं होतं. पुडीचं तोंड दोनदा दुमडून तिनं ती पहिल्या पानावर ठेवली, पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

“वाच. आणि मत द्यायला पुण्याला ये.”

“वाचून झालं की फोन करते,” मी नाक पुसत म्हणाले.

“मी निरोपानं मत घेत नाही,” आई म्हणाली.